भूमिगत कोळसा खाण ‘परवडत नाही’ म्हणतात, तेव्हा नेमकं काय परवडत नाही?

चांद्याचा_पोर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

माझे बाबा चंद्रपूर भागातल्या एका भूमिगत खाणीत हॉलेज खलाशी होते, म्हणजे कोळशाच्या गाड्या दोराने ओढणाऱ्या यंत्रावर. काही वर्षांपूर्वी रिटायर झाले. मी नागपुरात कॉस्ट अकाउंटिंग करतोय आणि प्रोजेक्टसाठी मुद्दाम कोळशाचा विषय घेतला आहे. सध्या आमच्या कॉलनीत एकच चर्चा, खाण बंद होणार. कारण विचारलं की सगळे एकच वाक्य सांगतात: "परवडत नाही."

आकडे पाहिले तर तसंच दिसतं. राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशातला बहुतेक कोळसा जमिनीखालून निघायचा. आता कोल इंडिया वर्षाला ७० कोटी टनांच्या वर कोळसा काढते आणि त्यात भूमिगत खाणींचा वाटा सुमारे अडीच कोटी टनांचा. माणसं मात्र तिथे भरपूर आहेत. परवा एका ओळखीच्या साहेबांनी सांगितलं, "सुरक्षेचे नियम इतके कडक झालेत की टनामागचा खर्च झेपत नाही." बाबांना हे सांगितलं तर ते जेवता जेवता ताटावरून उठले. बोलले काहीच नाहीत.

तर विचारायचं असं, की भूमिगत खाणीच्या खर्चात ‘सुरक्षा’ असा वेगळा रकाना करता येतो का? तो कमी केला तर खाण नफ्यात येते का? प्रत्यक्ष खाली गेलेल्यांनी जरूर लिहा.

हिशेबनीस
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तिथे माणशी एका पाळीमागे निघतो जेमतेम टनभर कोळसा. उघड्या खाणीत त्याच्या कितीतरी पट. पगार दोन्हीकडे सारखाच. पंखा, पंप, वाइंडर (माणसं खाली-वर नेणारी लिफ्ट), लॅम्परूम हा सगळा खर्च कोळसा निघो न निघो चालूच. दिवाळीच्या सुट्टीतही पंप बंद ठेवता येत नाही. उत्पादन निम्मं झालं तर टनामागचा खर्च जवळपास दुप्पट होतो. यात सुरक्षेला दोष द्यायचं कारणच नाही, दोष कमी उत्पादनाचा आहे. आणि सुरक्षेचाच विचार करायचा तर सगळ्यात सुरक्षित खाण म्हणजे जिच्यात कोणी माणूस उतरत नाही ती. बंद करा, माणसं वर आणा, दुसरीकडे कामाला लावा.

जुना_सरदार
चांद्याच्या पोरा, तुझे बाबा ताटावरून काऊन उठले ते मले समजलं.

मी ३४ वर्षं खाली गेलो बावा. आधी लोडर, मग परीक्षा देऊन मायनिंग सरदार. सरदाराचं पहिलं काम काय? पाळी लागायच्या आधी फेसवर, म्हंजे कोळसा फोडतात त्या टोकाले, जाऊन छत ठोकून पाहणं. हातात सब्बल. ठोकलं आन टणटण आवाज आला त छत भरीव. ढबढब आवाज आला त वर पोकळ झालं, पापुद्रा सुटला. एक हात छताले लावून दुसऱ्या हातानं ठोकायचं, थरथर बोटाले लागते. आवाजानं फसलो तरी बोट नाई फसत. सुटलेलं पहिले झाडून पाडायचं, मंग टेकू म्हणून बल्ली लावायची, मंगच पोट्टे आत.

याले लागते अर्धा घंटा. कधी पाऊण. आता तू सांग, हा अर्धा घंटा तुझ्या वहीत कोण्या रकान्यात टाकशील? सुरक्षेच्या का उत्पादनाच्या? छत पडलं त त्या गॅलरीतून, म्हंजे खालच्या रस्त्यातून, आठ दिवस कोळसा निघत नाई. माणूस गेला त घर जाते.

आन बल्लीची गोष्ट सांगतो. लाकडाची बल्ली बोलते. वरून वजन आलं की आधी बारीक करकर, मंग तडतड. आम्ही त्या आवाजावर पळालो आहो. लोखंडी प्रॉप मजबूत, पण मुका.

मोगरा_७
बल्ली बोलते... अंगावर काटा आला काका. अजून लिहा.

विदर्भवारा
+१. सरदारकाकांनी स्वतंत्र धागा काढावा, आम्ही सतरंजी टाकून बसतो.

कोळशाची_लेक
मी मायनिंग इंजिनिअर आहे. २०१९ पासून स्त्रियांना भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांवर दिवसा उतरायची परवानगी मिळाली, त्यानंतरची आमची पिढी. कुठे काम करते ते लिहीत नाही.

चांद्याचा_पोर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. वेगळा रकाना करता येतो, पण त्यात फक्त वरवरचं येईल: बूट, हेल्मेट, सेल्फ रेस्क्युअर (विषारी वायूतून निसटताना श्वासासाठी लावायचं उपकरण), गॅस डिटेक्टर, स्टोन डस्ट (कोळशाची धूळ पेटू नये म्हणून मारायची दगडाची भुकटी). खरी सुरक्षा खाणीचा नकाशा पहिल्यांदा काढला जातो तेव्हाच ठरून जाते. आणि खाणीचं अर्थकारणही त्याच कागदावर, त्याच दिवशी ठरतं.

उदाहरण घ्या. आपल्याकडची पद्धत बोर्ड अँड पिलर. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या खणायच्या आणि मधे चौकोनी पिलर सोडायचे, ज्यांनी छत तोललं जातं. गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद करायची नाही आणि खोली वाढेल तसा पिलर मोठा ठेवायचा, असं नियमच सांगतात. आता समजा दोन पिलरच्या मध्यांमधलं अंतर २५ मीटर आहे. गॅलरी ४.८, म्हणजे पिलर २०.२ मीटरचा. हिशेब केला तर या टप्प्यात साधारण ३५ टक्के कोळसा हाती येतो. तेच खोल खाणीत अंतर ४० मीटर ठेवावं लागलं, तर जेमतेम २३ टक्के. उरलेला सगळा पिलरमध्ये अडकलेला. मग कोणीतरी म्हणतं, जरा पिलर बारीक ठेवा, गॅलरी थोडी रुंद करा, आज टन मिळतील. मिळतातही. पण पुढे तेच पिलर काढायची वेळ येते तेव्हा ते आधीच चिरडलेले असतात. बाजू सुटलेल्या, छत दबलेलं. आज चोरलेला टनभर कोळसा दहा वर्षांनी पाच टन घेऊन जातो.

दुसरं हवेचं. नियम असा की सगळ्यात मोठ्या पाळीतल्या माणशी मिनिटाला ६ घनमीटर हवा, किंवा रोजच्या उत्पादनाच्या टनामागे मिनिटाला २.५ घनमीटर, यातलं जे जास्त ते. २०० माणसं आणि ६०० टन धरा. माणसांच्या हिशेबाने १२०० आणि टनांच्या हिशेबाने १५००, म्हणून १५०० द्यायची. उत्पादन दुप्पट करायचं तर ३०००. आणि त्याच रस्त्यांतून दुप्पट हवा ढकलायची तर पंख्याला शक्ती दुप्पट लागत नाही, आठपट लागते. हे निसर्गाचं गणित आहे, त्यात सवलत नाही. म्हणून वाढीव उत्पादनाचं स्वप्न असेल तर हवेची दुसरी वाट, म्हणजे नवा शाफ्ट (जमिनीवरून खाली जाणारी उभी विहीर) नाहीतर जास्तीच्या गॅलऱ्या, पहिल्यापासून आराखड्यात हव्यात. ते पैसे सुरुवातीला वाचवले, की पुढे एकतर वीजबिल बुडवतं किंवा फेसवर हवा पोचत नाही.

हिशेबनीस
ताई, उत्तम लिहिलंत. पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. सुरुवातीला एवढं भांडवल अडकवा, कोळसा चौथ्या-पाचव्या वर्षी बघा, त्यातही तीन चतुर्थांश पिलरमध्ये सोडा. व्याज कोण भरणार? उघड्या खाणीत माती काढली की कोळसा समोर.

वणीचा_शेतकरी
हिशेबनीस साहेब, "माती काढली की कोळसा समोर" ती माती माझी होती.

काळी जमीन, कापूस नि तूर. मोबदला मिळाला, खोटं बोलत नाही. पण आज आमच्या शिवारात जिथे बांध होता तिथे मातीचा डोंगर उभा आहे आणि पावसाळ्यात तो ओघळून नाल्यात येतो. माझ्या मामाचं गाव भूमिगत खाणीच्या वर. त्यांच्या वावरात भेगा पडल्या, विहिरीचं पाणी खाली गेलं, त्याच्यासाठी ते भांडले, अजून भांडतात. पण सातबारा त्यांच्या नावावर आहे आणि यंदाही त्यांनी पेरलं. तुमच्या टनामागच्या खर्चात माझं वावर कुठे धरलं, ते एकदा दाखवा.

हिशेबनीस
शेतकरीदादा, बरोबर आहे तुमचं. जमिनीची किंमत धरतात ती एकदाच, खरेदीच्या दिवशीची. पुढच्या पिढ्यांचं पीक त्यात येत नाही. हा मुद्दा मी मान्य करतो.

कोळशाची_लेक
व्याजाबद्दल: तीन चतुर्थांश कायमचा सोडायचा नसतो. खणत खणत हद्दीपर्यंत जायचं आणि मग मागे येताना पिलर काढत यायचं, याला डिपिलरिंग म्हणतात. खाणीचा खरा पैसा तिथे असतो आणि खरा धोकाही तिथेच. पिलर काढला की मागचं छत कोसळू द्यायचं असतं, त्या कोसळलेल्या भागाला गोफ म्हणतात. आपल्याकडे वर वालुकाश्माचं कडक छत असेल तर ते लगेच पडत नाही, लटकून राहतं. मोठा भाग लटकला आणि एकदम पडला तर त्या हवेच्या धक्क्याने माणसं फेकली जातात. म्हणून कधीकधी सुरुंग लावून ते मुद्दाम पाडावं लागतं.

पण मला सांगायचंय ते आगीबद्दल. कोळसा हवा लागली की आपोआप तापतो. गोफमध्ये जो चुरा राहतो तो आतल्या आत धुमसायला लागतो. त्याला किती महिने लागतात हे त्या त्या थरावर अवलंबून असतं. तो काळ संपायच्या आत पॅनलचे, म्हणजे एका वेळी काढायला घेतलेल्या गटाचे, सगळे पिलर काढून, माणसं-यंत्रं बाहेर आणून, तोंडाला पक्क्या भिंती घालून पॅनल सील करायचं. म्हणून पॅनल केवढं ठेवायचं हे ठरवताना वर्षाचं टार्गेट बघायचं नसतं, हे महिने बघायचे असतात.

समजा पिलर २० बाय २० मीटर, थर ३ मीटर. एका पिलरमध्ये सुमारे १,७०० टन, त्यातला हाती येतो समजा १,१००. पॅनलमध्ये २० पिलर, म्हणजे २२,००० टन. रोज १५० टन निघाले तर १४७ दिवस, सुट्ट्या धरून सहा महिने. थर तापायला नऊ महिने लागत असतील तर आपण निवांत. पण रोज ७० टनच निघाले तर? ३१४ कामाचे दिवस, वर्षापेक्षा जास्त. पॅनल अर्धं असतानाच आग.

म्हणजे खाली हळू काम करणं नेहमीच सुरक्षित असतं असं नाही. बेल्ट वेळेवर दुरुस्त होणं, सुरुंगाची दारू वेळेवर येणं, एसडीएलचा (कोळसा भरणाऱ्या यंत्राचा) सुटा भाग स्टोअरमध्ये असणं, हे सगळं आगीपासूनचं संरक्षण आहे. ज्या दिवशी कोणी "सध्या स्पेअरची खरेदी थांबवा" असं लिहितं, त्या दिवशी त्याने खर्च वाचवलेला नसतो, पॅनलचं घड्याळ पुढे सरकवलेलं असतं.

जुना_सरदार
पोरी, तू माही गोष्ट सांगून राहिली.

खाणीचं नाव लिहीत नाई. पॅनल सुरू केलं थंडीत. काढाचे होते एवढे पिलर, निघाले निम्मे. पहिले बेल्ट तुटला, जोडाले माल नाई. मंग दोनपैकी एक मशीन उभी, मोटर जळाली. मंग पावसाळा, पंप सगळे खालच्या डिपले लावले. असं करता करता वर्ष झालं.

एक दिवस पहिल्या पाळीत गेलो त गोफच्या तोंडाशी भिंतीले घाम फुटला होता. दगडाले घाम. कोरड्या जागी पाण्याचे थेंब लोंबत. आन वास. रॉकेल सांडल्यावानी, गोडसर. तो वास एकदा नाकात बसला की जन्मात जात नाई. मी माह्या पोट्ट्यायले म्हटलं, डबे राहू द्या, आधी चला वर. वर येऊन सांगितलं. साहेब चांगला माणूस, खाली आला, नमुने घेतले, सीओ (धुमसत्या कोळशाचा विषारी वायू) वाढलेला. तिसऱ्या दिवशी पॅनल सील.

आत राहिले आठ-नऊ पिलर. एक मशीन, पंप, पाइप, केबल, बेल्टचं स्ट्रक्चर. सगळं भिंतीच्या आत. कोणी मेलं नाई, हेच देवाचं उपकार. पण मले सांगा, ज्यानं बेल्ट जोडाचा माल मंजूर केला नाई त्यानं कित्येक हजारांत वाचवलं असन, आन गेलं किती? वहीत हे ‘आग’ म्हणून लिहिलं गेलं. म्हणजे देवाची करणी.

चांद्याचा_पोर
काका, हे वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या प्रोजेक्टमध्ये ‘असाधारण तोटा’ असा एक रकाना आहे, आग-पुराचे नुकसान त्यात जाते. म्हणजे चुकीच्या आराखड्याचा खर्च त्या आराखड्याच्या खात्यावर पडतच नाही!

भूगोलमास्तर
धागा माझ्या आवडीच्या विषयाकडे आला. चांद्याकडचा कोळसा काही आजचा नाही. वरोऱ्याची खाण सरकारने १८७१ साली सुरू केली, १९०६ साली ती बंद झाली. वर्ध्याहून तिकडे रेल्वे गेली तीच मुळात कोळशासाठी. त्यामुळे "खाण बंद होतेय" ही चर्चा आमच्या जिल्ह्याला सव्वाशे वर्षं जुनी आहे.

पण मुद्दा जुन्या खाणींचा आहे. खाण बंद होते, पंप थांबतात, पोकळ्या पाण्याने भरतात. मग शेजारी नवी खाण निघते. छिंदवाड्याजवळच्या पेंच खोऱ्यात न्यूटन चिखली नावाची खाण होती. १० डिसेंबर १९५४ ला जुन्या कामातलं, म्हणजे आधी खणलेल्या पोकळ्यांतलं, पाणी आत घुसलं आणि ६३ माणसं गेली. पुढे २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला, तिथे पावणेचारशेच्या घरात माणसं गेली. तेच कारण, जुन्या कामात साठलेलं पाणी. २००१ मध्ये बागडिगी, २९. पुन्हा पाणी.

पाणी साठलं असण्याची शक्यता असलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं तर परवानगी घ्यावी लागते आणि पुढे बोअर मारत मारत जावं लागतं, असा नियम आहे. मधे कोळशाची जाड भिंत सोडायची. आता ही भिंत म्हणजे हजारो टन कोळसा. आयता समोर दिसणारा. तो सोडायला हिंमत लागते. आणि जुना नकाशा खरा असायला लागतो. राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाजगी मालकांच्या कित्येक खाणींचे नकाशे अपुरे किंवा हद्दीबाहेर खणलेलं लपवणारे होते.

हिशेबनीस, तुम्ही "बंद करा" म्हणालात. बंद करतानाचा शेवटचा नकाशा आणि पाण्याची पातळी नीट नोंदवली नाही, तर आज वाचवलेला पैसा शेजारच्या खाणीतल्या माणसांच्या गळ्याशी येतो.

नकाशेवाली
मास्तर, अगदी. माझे आजोबा खाण सर्व्हेअर होते. प्लॅन घरी आणायची बंदी होती पण त्यांची एक सवय होती, रोज संध्याकाळी पंचांगाच्या कोऱ्या पानावर त्या दिवशी फेस किती पुढे सरकला ते मीटरमध्ये लिहायचे. आजी विचारायची, "घरी कशाला?" तर म्हणायचे, "मी नसलो तर कोणाला तरी कळलं पाहिजे कुठपर्यंत पोकळ आहे." ते पंचांग आमच्याकडे अजून आहे.

टप्पूसेना
पाण्यावरून आठवलं, महाबीर खाणीचं कोणी लिहिलं नाही अजून? राणीगंज, नोव्हेंबर १९८९. पाणी घुसलं, सहा जण बुडाले, ६५ आत अडकले. जसवंतसिंग गिल नावाच्या अधिकाऱ्याने वरून बोअर मारून त्यातून माणूस मावेल अशी पोलादी कॅप्सूल सोडायची कल्पना काढली. ती स्थानिक वर्कशॉपमध्येच बनवली, स्वतः गिल खाली उतरले आणि एकेक करून सगळे ६५ वर आणले.

मोगरा_७
आणि सिलक्यारा! २०२३ ची दिवाळी. बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस. अवजड यंत्र मोडलं आणि शेवटचा भाग हाताने खणणाऱ्या रॅट-होलवाल्यांनी पार केला. आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर हात जोडून.

विदर्भवारा
बोगद्याचं वेगळं, कोळशाची खाण वेगळी. पण हाताने खणणाऱ्यांना त्या दिवशी देशाने नमस्कार केला हे बरं झालं. एरवी मेघालयात तेच काम करताना, डिसेंबर २०१८ मध्ये, १५ जण पाण्यात अडकले. तिथे ना नकाशा, ना पंखा, ना दुसरी वाट. ‘सुरक्षेचा खर्च शून्य’ असलेली खाण बघायची असेल तर ती.

जुना_सरदार
गिल साहेबायचं नाव आम्ही खाली घेत होतो बावा. पण माह्यासाठी मोठा साहेब तो, ज्याच्या खाणीत कॅप्सूल लागलीच नाई.

ऑकलंडवासी
उशिरा आलो धाग्यावर. मूळचा नागपूरचा, न्यूझीलंडला १५ वर्षं झाली. इथे पाइक रिव्हर हे नाव काढलं की लोक गप्प होतात. १९ नोव्हेंबर २०१० ला दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या भूमिगत कोळसा खाणीत मिथेनचा स्फोट झाला, २९ जण गेले. दोघे कसेबसे बाहेर आले.

चौकशी आयोगाचा अहवाल मी वाचला आहे, कारण आमच्या कंपनीत प्रशिक्षणात तो वाचायला लावतात. ताईंनी जे ‘पहिल्या दिवसाच्या कागदा’बद्दल लिहिलं, ते तिथे ओळीओळीत दिसतं. वर्षाला दहा लाख टनांची स्वप्नं दाखवून भांडवल उभारलं, बोगद्याला उशीर झाला, खर्च फुगला. प्रत्यक्षात सगळ्या आयुष्यात खाणीने पाठवलेला कोळसा ४२,००० टन! पैसा संपत आलेला, म्हणून घाई. मुख्य पंखा जमिनीवर न ठेवता खाणीच्या आत बसवला. स्फोट झाला तेव्हा पंखाच गेला. संकटात बाहेर पडायची दुसरी वाट म्हणजे हवेचा उभा शाफ्ट आणि त्यातली शंभर मीटरहून उंच शिडी. पाण्याच्या माऱ्याने कोळसा काढायचं काम ठरल्या तारखेला सुरू झालं तर कामगारांना बोनस, आणि उशीर होईल तसा तो बोनस कमी. स्फोटाच्या आधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला पोचल्याच्या २१ नोंदी होत्या. नोंदी होत्या, म्हणजे फेसवरचा माणूस लिहीत होता. वर कोणी थांबलं नाही.

ज्यांनी सुरक्षेवर खर्च वाचवला त्यांची कंपनीही बुडाली, कोळसाही गेला, आणि ते २९ जण अजून आतच आहेत.

कोळशाची_लेक
मिथेनचं थोडं. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर ठिणगीला स्फोट होतो. आपल्याकडे १.२५ टक्क्यालाच वीज तोडायची असते. म्हणजे चौपट अंतर राखलेलं आहे. ते अंतर ‘वाया’ जात नाही. त्या अंतरात माणूस वर येतो.

हिशेबनीस
तीन दिवस धागा वाचतोय, काही जुनी पुस्तकंही उघडली. माझं मत थोडं बदललं, सगळं नाही.

बदललं ते असं. १९३६ साली पोईडीह खाणीत स्फोट होऊन २०९ माणसं गेली. त्यानंतर १९३९ मध्ये सरकारने कायदा केला: काढलेल्या कोळशावर टनामागे उपकर घ्यायचा आणि त्या पैशातून खाणीतल्या पोकळ्या वाळूने भरायला मदत करायची. वाळू भरली की छत बसत नाही, आग लागत नाही, वर गाव असलं तरी खालचा कोळसा निघतो. हीच कल्पना पुढे १९५२ आणि १९७४ च्या कायद्यांत चालू राहिली. म्हणजे त्या काळच्या लोकांना कळत होतं, की हा खर्च एकट्या खाणीच्या माथी मारला तर कोणीच करणार नाही, म्हणून तो सगळ्या कोळशावर पसरला. पोरा, तुझ्या प्रोजेक्टला हा धागा पकड. ‘परवडत नाही’ हे खाणनिहाय वहीत दिसतं. वही कोणाची धरायची हाच प्रश्न आहे.

न बदललेलं मत: ज्या खाणीत कोळसा संपत आला, फेस पार टोकाला गेला, माणूस खाली पोचेपर्यंत पाळीतला दीड-दोन तास जातो, ती खाण ओढत ठेवू नये. अशा खाणीत सगळेच थकलेले असतात, यंत्रंही आणि छतही.

जुना_सरदार
हे मात्र खरं बोलले साहेब. चालून चालून गुडघे गेले माहे. मॅन रायडिंग, म्हंजे माणसं नेणारं यंत्र, लागलं तेव्हा मी रिटायर.

वणीचा_शेतकरी
वाळू भरायचं ऐकून बरं वाटलं, पण आमच्या वर्धा नदीत आता वाळू राहिली कुठे? बांधकामवाले रातोरात नेतात.

कोळशाची_लेक
दादा, म्हणूनच आता वाळूऐवजी औष्णिक वीज केंद्राची राख किंवा उघड्या खाणीतली दळलेली माती वापरायचे प्रयत्न चालू आहेत. तुमच्या शिवारातला डोंगर परत जमिनीखाली गेला तर मला सगळ्यात आनंद होईल.

आणि हिशेबनीस, सगळ्याच भूमिगत खाणी बंद होतायत असंही नाही. केंद्राने २०३० पर्यंत भूमिगत कोळसा १० कोटी टनांवर न्यायचं ठरवलंय. २०२५ मध्ये खाजगी लिलावातल्या भूमिगत खाणींसाठी सरकारला द्यायच्या महसूल-वाट्याची किमान पातळी ४ वरून २ टक्क्यांवर आणली. कंटिन्युअस मायनर येतायत, म्हणजे सुरुंग न लावता कोळसा कातत जाणारी यंत्रं, आणि सोबत छताला बोल्ट मारणारी यंत्रं. मला या सगळ्याचं स्वागतच आहे. भीती एकच वाटते. अडीच कोटीचे दहा कोटी करायचे तर पहिली काही वर्षं शाफ्ट, हवा, पाणी, बोअर आणि माणसांचं प्रशिक्षण यांतच जातात. त्या वर्षांत टन दिसत नाहीत. टन दिसत नाहीत म्हणून कोणी घाई केली तर पाइक रिव्हरचा अहवाल मराठीत लिहायची वेळ येईल. मशीन महिनाभरात येतं, सरदारकाकांसारखं बोट तयार व्हायला वीस वर्षं लागतात.

मोगरा_७
ताई, हे शेवटचं वाक्य आमच्या ग्रुपवर पाठवलं.

चांद्याचा_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. मला एका ओळीचं उत्तर हवं होतं आणि तुम्ही माझा प्रोजेक्टच उलटा केलात.

सुरक्षेचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी एका पॅनलचा जन्मापासून सील होईपर्यंतचा हिशेब मांडतोय: आराखड्यात किती महिने, प्रत्यक्षात किती, कुठल्या कारणाने किती दिवस गेले, आत किती कोळसा आणि किती सामान राहिलं. ‘असाधारण तोटा’ कारणांवर वाटून टाकणार. गाइड मॅडम म्हणाल्या, असं कोणी केलेलं नाही, डेटा कुठून आणशील? बघतो.

काल हा धागा बाबांना वाचून दाखवला. सरदारकाकांचा दगडाच्या घामाचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं. उठून कपाटातून एक डबा काढला. त्यात त्यांचं पितळी टोकन होतं, खाली जाताना लॅम्परूममध्ये द्यायचं ते. शेवटच्या दिवशी परत करायला गेले तर तिथल्या माणसाने "ठेव तुझ्याजवळ" म्हणून हातात दिलं होतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "ज्यांनी लिहिलंय ते सरदार, त्यांच्या पॅनलचं हॉलेज कोण चालवत होतं, विचार."

काका, नागपूरला किंवा चांद्याला असाल तर भेटायला येऊ का? बाबांनाही घेऊन येतो.

जुना_सरदार
ये ना बावा, येच. रविवारी मी घरीच असतो. पत्ता मेसेजमध्ये टाकतो. बाबाले म्हणा, टोकनवरचा नंबर आधी पाठवा. मले नावं कमी आठवते, नंबर सगळे आठवते.